आवाजाची वेस

आमच्या मंचरच्या घरी फोन आला तेव्हा माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सासूबाईंनी, म्हणजे जतनबाईंनी, त्याला क्रोशाची टोपी विणली आणि खिडकीखाली स्टुलावर त्याची कायमची जागा केली. त्या जागेवरून त्यांनी तो कुणाला हलवू दिला नाही. "त्याला आपलं घर माहीत पायजे," म्हणायच्या.

पुढे माझी नणंद रीना आळ्याला दिली. दुपारची जेवणं आवरली की तिचा फोन यायचा. सासूबाई रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायच्या. मला एकदा म्हणाल्या, "घंटी वाजली की मला रस्ता दिसतो." त्यांची तार कळंबला घोड नदी ओलांडायची, नारायणगावच्या द्राक्षांच्या मांडवांवरून सावकाश जायची, पिंपळवंडीला कुकडीच्या पाण्यात स्वतःला बघायची, आळेफाट्यावर एसटीच्या गर्दीतून वाट काढायची आणि रीनाच्या जिन्याखालच्या कोनाड्यात शिरायची. तिथं रीना पाटावर बसलेली असायची. "आज निळी साडी नेसलीस ना गं?" असं त्या विचारायच्या. बहुतेक वेळा साडी दुसरीच असे. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

दर चातुर्मासात त्या जैन स्थानकात साध्वीजींसमोर दिशांची मर्यादा घ्यायच्या. आमच्यात हे व्रत पूर्वीपासून आहे. आपण एक हद्द ठरवायची आणि चार महिने तिच्याबाहेर जायचं नाही. सासूबाईंचं व्रत जरा जास्तच कडक. हद्दीबाहेर पाऊल नाही, वस्तू नाही, निरोप नाही आणि आवाजही नाही. बाहेरच्या माणसाचं लक्ष जावं म्हणून नुसतं खाकरलं तरी तो दोष. हद्द मात्र मोठी, जुन्नर आणि आंबेगाव असे अख्खे दोन तालुके. फोन आल्यावर तिची खूण सोपी झाली, नंबराआधीचा कोड. एकवीस बत्तीस म्हणजे जुन्नर, एकवीस तेहेतीस म्हणजे आपलं. या दोन्हींशी बोलायचं. खेडचा एकवीस पस्तीस फोनशेजारच्या नंबर दाखवणाऱ्या डब्यावर दिसला की रिसीव्हर मुकाट्यानं माझ्या हातात.

खेडच्या आत्याबाई चिडवायच्या, "नीलम, विचार तुझ्या सासूला, खेड काय लंकेत हाय का?"

सासूबाई ऐकून हसायच्या. पण हसण्याचाही आवाज जाऊ नये म्हणून तोंडाला पदर.

दोन हजार चार साली रीनाच्या सासरी सगळ्यांनी मोबाईल घेतले आणि जिन्याखालचा फोन परत करून टाकला. आमच्या डब्यावर अठ्ठ्याण्णवनं सुरू होणारा लांबलचक नंबर यायला लागला.

"हे अठ्ठ्याण्णव कोणतं गाव?" सासूबाईंनी मामंजींना विचारलं.

"सगळ्या गावांचं," मामंजी म्हणाले. "आता तुझ्या हद्दीला वेसच राहिली नाही बघ."

तेव्हापासून त्या आधी विचारायच्या, "कुठं हायेस?" रीना आळे म्हणाली की पुढचं बोलणं. पण डोळे मिटले तरी त्यांना पूर्वीसारखं काही दिसेना. "आवाज येतो गं," म्हणायच्या, "पण कुठून तरी आभाळातून आल्यावानी. रस्ता येत न्हाई."

त्याच चातुर्मासात रीनाला दिवस गेलेले होते आणि काहीतरी अवघड झालं. आमच्याकडे करायचं ठरलेलं बाळंतपण राहिलं बाजूला, तिला पुण्याच्या हॉस्पिटलात नुसतं पडून राहायला सांगितलं. तिथून तिचा फोन आला.

"कुठं हायेस?"

"पुण्याला, आई."

सासूबाईंनी ओठ मिटून घेतले. ऐकायला बंदी नव्हती, म्हणून रिसीव्हर कानाला तसाच. रीना बोलत राहिली, मग म्हणाली, "आई, नुसतं हूं तरी म्हण." त्यांची मान हलत होती. मान हललेली फोनला कशी कळणार? शेवटी मी रिसीव्हर घेतला. रीना रडत होती. आईशी बोलल्याशिवाय जेवण जात नाही म्हणाली.

पर्युषण झाल्यावर एका दुपारी रीनाचा सूर वेगळा होता. "आई, मला आळ्याला आणलं. बरं आहे आता."

सासूबाई जणू बांध फुटल्यासारख्या बोलत सुटल्या. तूप खा, कुशीवर झोप, नवकार म्हणत जा. आणि मधेच थबकल्या. मला जवळ ओढून त्यांनी रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांमधे धरला. रीनाच्या आवाजामागे एक बाई गोड हिंदीत सांगत होती, "कृपया दरवाजा बंद कीजिए."

सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तर मी काय सांगत व्हते, कुशीवर झोपत जा."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आई, आळ्याला लिफ्ट कधी आली?"

"आली असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयंबिल केलं. एकदाच जेवण, तेही मीठ, तूप, मसाला काही नसलेलं. उकडलेला भात, उकडलेले मूग. त्यानंतर रीनाचा फोन झाला की दुसऱ्या दिवशी ताटात तेच.

मामंजी म्हणाले, "आश्विनातल्या नऊ आयंबिलांच्या ओळीला अवकाश आहे अजून. आत्तापासून सराव का?"

त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मला राहवलं नाही. भात वाढताना म्हटलं, "व्रत मोडलं आहे ते माहीत आहे, मग रोज नव्यानं का मोडायचं? तिला सांगून टाका."

"सांगितलं तर ती फोन करायची न्हाई," त्या म्हणाल्या. "मी गप बसले तर तिला घास उतरायचा न्हाई. व्रत माझं हाये, त्याचं मी भरीन."

आश्विनात जावईबापूंचा, अरिहंतरावांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"कुठनं बोलताय?" सासूबाईंनी सवयीनं विचारलं.

"पुण्याहून, आई. रीनानं तुम्हाला आळ्याचं सांगितलं होतं. चुकलं आमचं."

"लिफ्टमधली बाई मला रोज खरं सांगत व्हती," सासूबाई म्हणाल्या. "पण रीनाला यातलं बोलू नका. आता मला सांगा, कितवा मजला? खिडकी कुठल्या अंगाला?"

"तिसरा. खिडकी उगवतीला. समोर चिंच आहे मोठी."

त्यांनी डोळे मिटले. बोटं हळूच स्टुलाच्या कडेवरून सरकत होती. मला वाटतं, त्या निघाल्या होत्या. पेठ गावाजवळचा घाट, खेडला भीमेचं पाणी, चाकण, मोशी, मग मला न दिसणारं पुणं, एक चिंच आणि तिसऱ्या मजल्यावरची उघडी खिडकी. तिकडून बारीक रडणं ऐकू आलं.

"पाळण्यात हाय ना, खिडकीजवळ?" त्यांनी विचारलं.

या वेळी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी न विचारता त्यांचा भात बिनमिठाचा लावला. ताटावर बसताना त्या म्हणाल्या, "जरा जास्त वाढ गं. काल लई बोलले."