ऐकून राहिलो

अलका मॅडम पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटर कॉलेजात सॉकेट शिकवतात, हे त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे देवकाबाईंनी, सगळ्या मोहल्ल्यात मोठ्या अभिमानानं सांगून ठेवलं. तेव्हापासून लोक बिघडलेले स्विचबोर्ड घेऊन दारात उभे राहू लागले.

"काका, हे ते भिंतीतलं सॉकेट नव्हे," मॅडम समजावायच्या. "एका कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामले दुसऱ्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामशी बोलायचं असते ना, तर दोघंही आपापलं एक दार उघडतात. त्या दाराले सॉकेट म्हणतात."

काका मन लावून ऐकत, मान डोलवत आणि म्हणत, "बरोबर आहे. पन मंग आमचा कूलर कायले बंद पडला?"

शेवटी मॅडमनी एक टेस्टर आणून पर्समध्येच ठेवून दिला. वाद घालण्यापेक्षा कूलर चालू करणं सोपं, असं त्यांचं मत. आता ज्या बाईनं मोहल्ल्यासमोर इतक्या सहज हात टेकले ती कॉलेजात एका शब्दासाठी हटून बसेल, असं कुणाला वाटलं असतं? पण बसली.

तो शब्द कुठून आला ते आधी सांगायला हवं. मॅडमचं माहेर तिगावचं. त्यांचे वडील बापूजी तिथल्या स्टेशनात नोकरीला होते. गाडी पुढं सोडायची तर पुढच्या स्टेशनाला आधी फोन करून रस्ता मोकळा आहे का ते विचारायचं, हा रेल्वेचा रिवाज. बापूजींचा आवाज असा की फोन नसता तरी पांढुर्ण्यापर्यंत गेला असता. लहानगी अलका डबा घेऊन जायची आणि बाकावर पाय हलवत बसायची.

"तिगाव बोलून राहिलो! पांढुर्णा, ऐकून राहिले का?"

पलीकडून उत्तर यायचं, "ऐकून राहिलो! तुमाले ऐकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं!"

एवढं झाल्याशिवाय बापूजी गाडीचं नावसुद्धा काढत नसत. आधी बोलणं पक्कं, मग गाडी.

पुढं अलकाताई शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि एक दिवस पुस्तकात वाचलं की दोन प्रोग्रामही निरोपाआधी असंच करतात. एक विचारतो, ऐकतोस का. दुसरा म्हणतो, ऐकतो, तुला माझं ऐकू येतं का. पहिला म्हणतो, येतं. मगच माल सुटतो. पुस्तकात त्याला भारी इंग्रजी नाव होतं. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या बापूजींचं आहे."

त्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेत कोणत्याही पोरीपोरानं सर्व्हर लिहिला, म्हणजे दार उघडून हाकेची वाट पाहणारा प्रोग्राम लिहिला, की तो सुरू होताच पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचं: ऐकून राहिलो. आता शुद्ध मराठीत 'ऐकत आहे' लिहिता आलं असतं. पण 'ऐकत आहे' म्हणणारा माणूस कधी उठून चहाला जाईल सांगता येत नाही. 'ऐकून राहिलो' म्हणणारा बसला तो बसला.

मुलांच्या चुकाही अस्सल आपल्याकडच्या. आपल्याकडं ज्यानं फोन लावला तोच दरडावून विचारतो, "कोन बोलून राहिलं?" पलीकडचा म्हणतो, "तुमी सांगा, तुमी कोन?" पोरांनी प्रोग्रामही तसेच लिहिले. हाक मारणारा हाक मारून गप्प, ऐकणारा तर ऐकायलाच बसलेला. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांकडं तोंड करून ढिम्म. मॅडमनी फळ्यावर लिहून टाकलं: ज्यानं लावला, त्यानं आधी बोलावं. ते वाचून शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांचं फोनवरचं बोलणं सुधारलं.

पेच पडला तो मुकुंद सरांमुळं. हे कॉलेजचे संचालक. माणूस मनाचा चांगला, फक्त स्टेजवर चढले की जिभेला इस्त्री करतात. घरी "काहून बे" म्हणणारे सर माइकसमोर "कदापि" आणि "अत्यंत" याखेरीज बोलत नाहीत. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तर इस्त्री आणखी गरम झाली होती. त्यांच्या डोक्यात आलं की प्रयोगशाळेची खोली मोकळी करावी आणि तिथं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र काढावं.

"मॅडम, हे प्रोग्रामांना बोलतं करायचं काय काम आहे?" सर म्हणाले. "निरोप पाठवायला सगळ्यांजवळ मोबाइल आहे."

"सर, मोबाइलवर दुसऱ्यानं बांधलेल्या दारातून जातो आपण. माह्या पोरी सोताचं दार बसवून राहिल्या."

"पण ते चालतं का?"

"पाहून घ्या. आपली सौंसरची शाखा अन् इथलं कॉलेज, दोन्ही जोडून दाखवतो. सगळ्यांसमोर."

सरांना सगळ्यांसमोर हा शब्द आवडतो. वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांसमोर प्रयोग ठरला. जमला तर खोली राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी फॉर्मवाल्यांची टेबलं लागतील. वर एक अट: "ते 'ऐकून राहिलो' तेवढं काढा. पाहुणे येणार आहेत. इंग्रजीत लिहा, नाही तर सभ्य भाषेत."

"आमच्या बापूजींनी जिंदगीभर याच भाषेत गाड्या सोडल्या," मॅडम म्हणाल्या. "एकही गाडी असभ्य झाली नाई. नाई काढत."

"मग काही बिघडलं तर माझ्याकडं येऊ नका."

"नाई येत."

सौंसरचा कॉम्प्युटर ऐकणार आणि पांढुर्ण्याचा हाक मारणार असं ठरलं. त्यावरही कुरबुर झाली, की जिल्ह्याचं ठिकाण आपलं, तर मुख्य प्रोग्राम सौंसरला का? मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या इंटरनेटचा पत्ता पक्का आहे, आपला रोज बदलते, मंग हाक कुठं मारायची? अन् जिल्हा झाल्यानं कान मिळत नाई."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सकाळी मॅडमनी सौंसरला स्वतः जाऊन प्रोग्राम सुरू केला, पडद्यावर 'ऐकून राहिलो' उमटलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि तिथले जुने शिपाई रामाजी यांना बजावलं, "कॉम्प्युटर बंद करू नका बरं." मग पांढुर्ण्याला परतल्या.

हॉल भरला होता. सरांनी "अत्यंत" चार-दोनदा म्हणून घेतलं. ऋतुजा नावाची मॅडमची विद्यार्थिनी कॉम्प्युटरपाशी बसली. तिनं हाक मारणारा प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर तत्काळ लाल ओळ आली: जोडणी नाकारली.

पुन्हा चालवला. पुन्हा तेच. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मुकुंद सर मॅडमच्या कानाशी वाकले. "मॅडम, टेबलं उद्या सकाळीच बोलावतो."

मॅडमनी पदर खोचला. "थांबा जी. नाकारली म्हणते ते लगेच म्हणते का थांबून म्हणते, ऋतुजा?"

"लगेच, मॅडम."

"मंग चांगली गोष्ट आहे," मॅडम सगळ्यांकडं वळून म्हणाल्या. "तिकडं कॉम्प्युटरच बंद असता तर आपण वाट पाहत बसलो असतो. ताबडतोब नाही म्हणाले, म्हणजे घर जागं आहे, आत ऐकणारा तेवढा उठून गेला. तो आपणहून उठणाऱ्यातला नव्हे. कोणीतरी उठवला त्याले."

त्यांनी रामाजींना फोन लावला. हॉलला ऐकू जावं म्हणून स्पीकरही चालू केला.

"रामाजी, कॉम्प्युटर बंद केला का?"

"नाई जी! तुमी सांगतलं होतं ना. कॉम्प्युटर चालू आहे. फक्त ते आतलं बंद केलं."

"कायले?"

 मग रामाजींनी आवाज खाली आणला, तरी हॉलभर गेला. "मॅडम, तो लिहून राहिला होता ना, ऐकून राहिलो म्हणून! आमी इथं सरांच्या मिशीच्या कलपाबद्दल बोलून राहिलो होतो. चांगलं रंगात आलो, अन् माही नजर पडली. म्हटलं बापा, हा तर सगळं ऐकून राहिला, जाऊन सांगन सरांले. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून टाकली."

हॉल असा फुटला की पाहुण्यांच्या हातातला चहा सांडला. मुकुंद सरांचा हात मिशीवर गेला, चेहरा लाल झाला आणि सगळी इस्त्री एका क्षणात मोडली. ते फोनकडं धावले.

"रामाजी! मी इथंच उभा आहो बे! सगळं ऐकून राहिलो!"

त्यांच्या तोंडून तो शब्द गेला आणि सगळा हॉल त्यांच्याकडं वळला. आपण काय बोललो हे सरांना सगळ्यात शेवटी कळलं.

अलका मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता सांगा सर, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर रामाजीले समजलं असतं का? तो बिचारा कॉम्प्युटरसमोर बसून बोलतच राहिला असता. आजवर या कॉलेजात पडद्यावरची ओळ कोणी वाचली, असं तुमी कधी पाहिलं? रामाजीनं वाचली. वाचून घाबरला बी. माह्या प्रोग्रामनं आपलं काम चोख केलं. शब्द नाई बदलत."

सरांनी घसा साफ केला. 'कदापि' जिभेवर आलं असावं, पण बाहेर पडलं नाही.

"करा चालू," ते म्हणाले.

मॅडमनी फोनवर एकेक करत रामाजींकडून प्रोग्राम परत सुरू करून घेतला. "काय लिहून आलं?" "तेच जी. ऐकून राहिला." ऋतुजानं हाक मारली. लाल ओळ आली नाही. ज्यानं लावला त्यानं आधी बोलावं, म्हणून तिनंच टाइप केलं: पांढुर्णा बोलून राहिलो. सौंसर, ऐकू येऊन राहिलं का?

रामाजींना एका बोटानं अक्षरं शोधायला वेळ लागला. हॉल वाट पाहत राहिला. मग पडद्यावर उमटलं: येऊन राहिलं. सरांले सांगा, कलप चांगला आहे.

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती मुकुंद सरांनी, आणि जाता जाता म्हणाले, "खोली राहू द्या तुमची."

"अन् शब्द?"

"तो बी राहू द्या ना, बाई."

ती खोली अजून तिथंच आहे. फॉर्मवाल्यांची टेबलं व्हरांड्यात लागली आणि त्यांना तिथं वाराही बरा लागतो. सौंसरचा तो प्रोग्राम आता रोज चालू असतो. रामाजींना कुणाबद्दल बोलायचं असलं की ते आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून पडद्यावर टाकतात आणि मग विषयाला हात घालतात.