ज्या पादाची वाट पाहिली

जेवता जेवता मी मधातच उठतो अन् अंगणातल्या लिंबाखाली जाऊन येतो. बसतो, पुन्हा उठतो. सूनबाई म्हणते, "बाबा, कायले सारखे उठून राह्यले? बसा ना जरा एका जागी." तिले काय सांगू? पोटात वारा धरला की घराबाहेर जायचं, हा माझ्या बायकोचा नियम. ती गेली, नियम राहिला.

तिच्या लेखी पादणं चोरीपरीस वाईट. मी पडलो राकट माणूस, वांग्याच्या वाफ्यात बिनधास्त सोडायचो. ती खुरपं उगारायची. "लाज नाही वाटत? पलीकडच्या वावरात माणसं हायेत."

"माणसंच हायेत ना? ते काय पादत नाहीत?"

पण एवढ्या संसारात तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नाही. मुळा, हरभऱ्याचं बेसन, सारं तीही खायची. वारा जायचा कुठं, देव जाणे.

मग तिच्या आतड्याले पीळ पडला. वाशीमले दवाखान्यात नेलं, पोट फाडून ऑपरेशन केलं. नंतर तरणा डॉक्टर आला, पोटाले नळी लावून ऐकलं अन् म्हणाला, "आजी, गॅस पास झाला का?" तिनं तोंडावर पदर घेतला. मले वाटलं, पोरगं थट्टा करून राह्यलं. तर तो मले समजावू लागला. पोट उघडलं की आतडं झोपी जाते. गिळलेली हवा अन् अन्न कुजून झालेला वारा आत साचतो. आतडं हललं तरच तो खाली सरकतो. तो सुटला म्हणजे आतडं जागं झालं. तोवर पाण्याचा घोट नाही. अन् नाहीच सुटला, तर पुन्हा पोट उघडायची पाळी येऊ शकते.

मी खाटेजवळून हललो नाही. तिच्या ओठाचे पापुद्रे निघाले होते. ओला कापूस फिरवायचो अन् विचारायचो, "आला का?"

"नाही."

"जोर लाव ना जरा."

शेजारच्या खाटेवर लेकीले घेऊन आलेली एक बांगडीवाली चाची होती. ती म्हणाली, "चाचा, ऐसे घूर के देखोगे तो कौन पादेगा?" सारा वॉर्ड हसला. माझी बायको नाही हसली. हळूच म्हणाली, "तुमी बाहेर जा."

"काहून?"

"जा म्हणते ना. तुमी हाय तवर नाही व्हत."

"मरून राह्यली अन् लाज धरून राह्यली!" म्हटलं, पण गेलो. व्हरांड्यात येरझारा घालू लागलो. चहावाल्यानं कप पुढं केला, पण तिले पाणी नसताना मी चहा कसा पिऊ? पोहरादेवीले नारळ बोललो. कशासाठी, तर बायको पादावी म्हणून! देवीलेही हसू आलं असेल.

तेवढ्यात चाची दारात आली. "चाचा, मुबारक! बाजा बज गया!"

मी आत पळालो. बायको चादरीत तोंड लपवून म्हणत होती, "साऱ्या गावाले सांगायची काय गरज होती?" डॉक्टरनं पुन्हा पोट ऐकलं अन् चमचाभर पाणी द्यायले सांगितलं. ते मी पाजलं. तिनं पेढ्यासारखं तोंडात घोळवलं.

त्यानंतर ती पुन्हा वांगी तोडायले लागली. माझ्यावर खुरपंही उगारायले लागली.

गेल्या हिवाळ्यात तिच्या किडन्या गेल्या. घरीच होती. एका दुपारी मी तिचे पाय दाबत बसलो होतो अन् तिचा वारा सुटला, चांगला मोठ्यानं. मी सवयीनं उठलो, दारापाशी गेलो. 'बाहेर जा' म्हणेल म्हणून थांबलो.

तिचे डोळे उघडे होते, माझ्याकडंच पाहत होती, पण हात पदराकडं गेला नाही. डॉक्टरनं काही सांगायच्या आधी मले तवाच समजलं, आता ही थोड्या दिवसांची.

बाहेर नाही गेलो. परत येऊन तिचे पाय दाबत बसलो.