आखाजीचा मुराळी

आमचे हे भुसावळला रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाले आणि आमच्या जळगावच्या घरातल्या एकाही वस्तूला सुख म्हणून उरलं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! मोरीतला नळ ठिबकत नव्हता. ह्यांनी तो 'जरा उघडून पाहिला', तेव्हापासून ठिबकतो. दाराची बेल चांगली वाजत होती. आता ती दाबली की हॉलमधला पंखा मंद होतो. वर हे मलाच सांगतात, "बेलचा आणि पंख्याचा काही संबंध नाही." मी जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत पोरं हाकली, पण असलं पोर माझ्या वर्गात कधी आलं नाही.

बाकी आमचं दोघांचं बरं चाललंय. सकाळी फिरायला जातो, दुपारी कूलरसमोर पडतो, संध्याकाळी भाजी आणण्यावरून भांडतो. अधूनमधून जुनी गाडी काढून कधी पद्मालयाला, कधी उनपदेवला जातो. भाकरी, ठेचा आणि पाण्याची मोठी बाटली बरोबर घेतली की झालं. दोन्ही मुलं पुण्याला आहेत. लेक नाही आम्हाला. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

माझं माहेर चोपड्याजवळच्या एका गावात. केळीचे मळे आणि मागे सातपुडा. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळी राहिली तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. आणि तिने आपली आपण यायचं नसतं. माहेराहून कोणीतरी न्यायला येतो. तो मुराळी. लग्न झाल्यापासून माझा मुराळी एकच, माझा धाकटा भाऊ. आधी सायकलवर यायचा, मग राजदूतवर, शेवटी जीपवर. कधी सरळ घरात शिरायचा नाही. फाटकाबाहेर उभा राहून गल्ली गोळा होईल असा ओरडायचा, "आखाजी उनी वं अक्का, चाल!" उनी म्हणजे आली, आमची अहिराणी. मला लाज वाटायची. मी म्हणायची, हळू बोल रे मेल्या, मास्तरीण आहे मी इथे. तो अजून मोठ्याने ओरडायचा.

मागच्या वर्षी हिवाळ्यात तो गेला. झोपेतच गेला. वहिनी तर आधीच गेलेली. घरात उरले माझा भाचा आणि भाचेसून. त्याच थंडीत भाचेसुनेची आईही गेली, धुळ्याला. आम्ही दोघं दारावर, म्हणजे दुखवट्याला, जाऊन आलो. पण खरं सांगते, मी तिथे बसले होते ती माझंच दुःख घेऊन. त्या पोरीला काय दोन शब्द बोलले ते मला आठवत नाही.

मग होळी झाली, ऊन चढलं, बाजारात कैऱ्या दिसायला लागल्या आणि मी दिवस मोजायला लागले. या आखाजीला मला न्यायला कोण येणार? का आता कोणीच येणार नाही? आईबाप गेल्यावर माहेर भावापुरतं असतं म्हणतात. भाऊ गेल्यावर कशापुरतं असतं, ते कोणी सांगत नाही.

ह्यांना मी हे पद्मालयाला तळ्याकाठी बसून सांगितलं. ह्यांनी भाकरी चावता चावता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय? मी सोडतो ना चोपड्याला. तापीचा पूल ओलांडला की आलंच."

"बिनबोलावता जाऊ?"

"तुझंच घर आहे."

"माझं होतं," मी म्हटलं, "आता त्यांचं आहे. मुराळी आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

"मग मी फोन करतो भाच्याला."

"खबरदार! मागून आणलेलं माहेर मला नको." आजूबाजूची माणसं बघायला लागली. वर्गावर ओरडायची सवय काही जात नाही.

हे गप्प बसले. पण आमच्या ह्यांचं गप्प बसणं फार वाईट. त्यात कुठलं तरी यंत्र फिरत असतं. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून लोखंडी पाइप उतरले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "तू बघ फक्त." भर उन्हात अंगणात खड्डे खणले, सिमेंट ओतलं, वेल्डिंगवाल्याला बोलावलं आणि त्याच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतःच करत बसले. डोक्याला ओला पंचा, अंगात रेल्वेतला जुना निळा शर्ट. चार दिवसांनी बघते तर अंगणात हा भला मोठा झोका!

आखाजीला आमच्याकडे घरोघरी झोके बांधतात, माहेरी आलेल्या लेकी त्यावर बसून गाणी म्हणतात. माझ्या माहेरी कडुनिंबाला असायचा. तर ह्यांच्या डोक्यात काय आलं, की ही दरवर्षी चोपड्याला धावते ती झोक्यासाठी. झोकाच घरी आणला की प्रश्न मिटला! वर भार तपासायला फळीवर सिमेंटची दोन पोती ठेवली आणि अभिमानाने म्हणाले, "तुझ्यापेक्षा थोडं जास्तच आहे. काही होणार नाही."

काय बोलावं ह्या माणसाला? मला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी राग आला, तो बरा पडतो. मी म्हटलं, "माहेर म्हणजे काय झोका आहे? उद्या म्हणाल, सिमेंटचा भाऊ करून देतो." आणि तडक आत गेले. बराच वेळ बाहेरून पाना चालवल्याचा आवाज येत होता. घट्ट केलेलेच नट हे पुन्हा घट्ट करत होते.

झोक्यावर मी बसले नाही. पण बॅग मात्र भरली. कोणाला न सांगता, कपाटाच्या आड. दोन साड्या, औषधं, भाचेसुनेसाठी ब्लाउजपीस. म्हटलं, ऐनवेळी भाचा आला तर धांदल नको. आदल्या दिवशी तो आला नाही. म्हटलं, केळीची कापणी चालू असेल, सकाळी येईल. आखाजीच्या दिवशी सकाळपासून फाटकावर कान. दूधवाला आला, कचरागाडी आली, शेजाऱ्यांची लेक आली. तिला बघून तर मी दारच लावून घेतलं. पुरणपोळी केली, रस काढला. हे म्हणाले, "पोळी फार छान झालीय." मी म्हटलं, मीठ विसरले आहे. हे म्हणाले, "तरी छान आहे." दुपारी मी पाठ करून झोपले आणि उशी भिजेपर्यंत रडले. झालं! बासष्टाव्या वर्षी माझं माहेर तुटलं. बॅग मात्र रिकामी करवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कुरडया वाळत घालत बसले होते, तोच फाटकापाशी गाडी थांबली आणि हॉर्न वाजला. भाच्याची गाडी! काय सांगू, माझ्या गुडघ्यांना काय झालं कोणास ठाऊक, नाहीतर उठताना मला भिंत लागते. ताडकन उठले. आखाजी झाली तर झाली, उशिरा का होईना मुराळी आला. आत गेले, साडी बदलली, कपाटामागून बॅग ओढली आणि हॉलमध्ये आले.

हॉलमध्ये भाचेसून उभी होती. तिच्याही हातात बॅग.

आम्ही दोघी एकमेकींच्या बॅगेकडे बघत राहिलो. मागून भाचा आला, पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, हिला ठेवून जाऊ का तुमच्याकडे दोन-तीन दिवस? ही म्हणते, आत्याकडेच जायचं."

 म्हणजे मला न्यायला नाहीच आले. मी बॅग हळूच सोफ्यामागे सरकवायला लागले, तर आमचे हे! भर हॉलमध्ये म्हणतात, "अगं, ती कुठे लपवतेस? आठ दिवसांपासून भरून ठेवलीय ना?" मेलं कपाटामागे ह्यांना काय दिसलं होतं, देव जाणे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

भाच्याचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही वाट पाहत होत्या, आत्या? आम्ही तिथे तुमची वाट पाहत होतो! आबा गेल्यावर त्यांच्या नावाने पुजायची पहिली घागर, आत्या येईलच म्हणून दुपार टळेपर्यंत ताटं थांबवली. मला वाटलं, तुम्हाला माझा राग आला असेल."

"अरे, पण न्यायला नको का यायला?"

"घरच्या माणसाला न्यायला?" तो म्हणाला, "आबा जायचे, ते मला वाटायचं त्यांना हौस आहे म्हणून."

घ्या! हौस म्हणे! एकीकडे जेवणाची ताटं ताटकळली, दुसरीकडे मी रडून उशी भिजवली, आणि मध्ये तापी वाहतेय. मी त्याला चांगलंच झापलं आणि झापता झापता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं अगदी त्याच्या बापासारखं, मागे चपटं.

तो शेताचं काम आहे म्हणून लगेच परत गेला. मग चहा घेता घेता मी भाचेसुनेला विचारलं, "बरं, तू आपल्या माहेरी नाही गेलीस?"

"धुळ्याच्या घराला कुलूप शे, आत्या." ती कपाकडे बघत म्हणाली. "वडील भावाकडे नाशिकला आहेत. दोन खोल्यांत ते चौघं. भाऊ म्हणाला, ये. पण कसा म्हणाला ते ऐकलं ना मी." मग कप खाली ठेवून म्हणाली, "दरवर्षी तुम्ही आल्या की मी धुळ्याला निघायची. लग्न झाल्यापासून आपण आखाजीला एका ताटात जेवलोच नाही. काल घागर भरली, पूजा झाली, आणि गावच्या बठ्ठ्या, साऱ्या लेकी झोक्यावर. मला घरात बसवेना. म्हटलं, आत्याच्या घरी गेलं तर चालेल का?"

लेकी येतात त्या दिवशी सुना जातात. आम्ही दोघी इतकी वर्षं एकाच दारातून उलट सुलट ये-जा करत होतो आणि मला तिच्या तोंडावरचं हसू तेवढं ठाऊक होतं. मला न्यायला कोणी आलं नाही म्हणून मी रडत होते. हिला तर न्यायला येणारंच कोणी नव्हतं आणि जायला घरही नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. मग दोघीही रडलो, मोकळेपणी. हे उठून बाहेर गेले. पान्याचा आवाज यायला लागला.

तीन दिवस पोर राहिली. मी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. डोक्याला तेल लावलं. ती उशिरापर्यंत झोपली तर हे मिक्सरसुद्धा लावू देईनात. संध्याकाळी ऊन उतरलं की ती झोक्यावर बसायची. पहिल्या दिवशी ती जपून बसली, तर हे म्हणाले, "बिनधास्त बस. दोन पोत्यांची टेस्ट झालीय." मग ती मलाही ओढून घेऊन गेली. झोका कुरकुरला, मी ओरडले, हे तेलाची कुपी घेऊन धावले. पण झोका छान झाला होता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जाताना मी तिची ओटी भरली. ती म्हणाली, "पुढच्या आखाजीला मी येऊ ना आत्या?" मी म्हटलं, "आपली आपण यायचं नाही. मुराळी येईल."

तर यंदा आखाजीला तिची घागर पुजून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गाडी काढली. तापीचा पूल ओलांडला, दोन्हीकडे केळी. हे सायकलवाल्यालासुद्धा पुढे जाऊ देत होते. माहेरच्या फाटकाशी गाडी थांबली. मी उतरले, आत नाही गेले. भाऊ आमच्या फाटकाशी उभा राहायचा तशी बाहेर उभी राहिले.  मास्तरणीचा आवाज तो, फुटलाच एकदाचा.

"आखाजी उनी वं पोरी, चाल!"

शेजारच्या ओट्यांवर माणसं आली. आतून भाचेसून धावत आली. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात ताट. ताटात हळदकुंकू, नारळ, गहू, खण. बॅग तिने फाटकाशीच ठेवली.

"आधी आत या, आत्या," ती म्हणाली. "लेकीने बाहेरूनच परत जायचं नसतं. तुमची ओटी भरते, मग तुमच्याबरोबर निघते."

मला काही दिसेना. डोळ्यांतून नुसतं पाणी. पदर पुढे घेतला आणि उंबरा ओलांडला. मागे गाडीतून हे म्हणत होते, "कोण कोणाला न्यायला आलंय ते दोघी मिळून एकदा ठरवा, ऊन तापतंय!"

मी तिथूनच ओरडले, "तुम्ही बसा गाडीत. मी माहेरी आलेय."