पाहुणे झोपलेत

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. उधवा गावच्या म्हाताऱ्या धवलेरीच्या तोंडात बुरशी झाली, ती माझ्यामुळे.

धवलेरी म्हणजे आमच्या भागात गाणी गाऊन वारली लग्न लावणारी बाई. मी डहाणूत एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवतो. तिची कवळी मीच केली, आणि घाईत माप चुकलं. चार दिवसांत ती परत आली.

"भाऊ, गायला लागले की वरची पंगत खाली उतरते."

गाऊन दाखवताना दात खरंच निसटले. तिने ते तळहातावर झेलले आणि माझ्याआधी स्वतःच हसली. नवी कवळी करायची म्हणजे डॉक्टरबाईंना चूक सांगणं आलं. मी म्हणालो, "रात्रंदिवस घालून ठेवा, काढूच नका. आपोआप बसेल."

तिने माझा शब्द तंतोतंत पाळला. महिन्याभरात टाळू लालबुंद, भाकरीचा घास चाववेना. आणि तिला लावायचं एक लग्न आठ दिवसांवर.

"आजी, झोपतानाही कवळी? कुणी सांगितलं हे?" डॉक्टरबाई चिडल्या.

मी मान खाली घालून प्लास्टर कालवत होतो. म्हातारी माझ्याकडे बघत होती, ते मला न बघताही कळलं.

"कोण सांगंल, बाय? माझीच हौस. नवे दात ना."

सगळा दवाखाना हसला. मीही हसलो. ते हसू अजून मनातून जात नाही.

बाईंनी औषध दिलं. झोपताना कवळी काढायची, ब्रशने घासायची, पाण्यात बुडवून ठेवायची. चांगल्या जंतूंच्या गोळ्या मिळतात, ताकातही तसले जंतू असतात. बुरशीला अडवायला त्यांची थोडी मदत होत असेल, पण घासायचं काम ताक करत नाही, असंही बजावलं.

"मंजे जंतूंना लग्नाचं आवतण द्यायचं," म्हातारी म्हणाली, "पण भांडी आपणच घासायची."

त्या लग्नाला मी गेलो. घरी बसवेना म्हणून. तोंड अजून हुळहुळं होतं. दात स्टीलच्या पेल्यात, वर ताटली झाकलेली. कुणी विचारलं की म्हणे, "पाहुणे झोपलेत, गलका नको." आणि बोळक्या तोंडाने गायला बसली. तिचा शब्द कुठे विरला की मागच्या बायका तो उचलून धरत. लग्न नीट लागलं.

पुढे तिला नादच लागला. तलासरीच्या बाजारात कवळीवाला म्हातारा दिसला की, "आ कर. रात्री काढतोस ना रं?" दवाखान्यात आली की माझ्यासाठी बाटलीभर ताक. "पी भाऊ, तुझ्याही तोंडात बरे जंतू जाऊ देत." तो टोमणा होता की माया, मी कधी विचारलं नाही. नवी कवळी करून देतो, एवढंच दर वेळी म्हणायचो. ती म्हणायची, "सावकाश दे. पाहुण्यांची मला सवय झाली."

गेल्या वर्षी ती गेली. सून पेला घेऊन आली. "आत्याबाई सांगून गेल्या, हे भाऊचं भाऊला दे." आत कवळी होती, लखलखीत घासलेली.

पेला माझ्या टेबलावर आहे. डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत बसतात. नवी कवळी आता देता येणार नाही. चूक माझी होती, हे बाईंना सांगणं तेवढं बाकी आहे.