मांडीवरचं बाळ आणि सात एअरबॅगा

नातवंडांनो, नव्या गाडीनं उगाच ब्रेक मारला आणि बाळाला लागलं, असं तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं असेल. ते खोटं आहे. खरं काय झालं ते लिहून पाठवते आहे, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग कुणी ऐकत नाही.

गाडी माझ्या पुतण्याची, म्हणजे तुमच्या काकाची. परदेशी, लांबलचक, आपल्या न्हावरे गावात तशी दुसरी नाही. ती आली त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी मॅन्युअल मागून घेतलं. इंग्रजीत असल्यामुळे दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. तुमचे आजोबा चालवायचे त्या गाडीत पट्टे नव्हते, डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचा होता, आणि वळणावर दार उघडायचं म्हणून तुमच्या वडिलांना मी कायम मधे बसवायची. पुढच्या गाडीत पट्टे आले, मग एअरबॅग. आता ही गाडी पुढचं वाहन रडारनं ओळखते आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसेल तर स्वतः ब्रेक लावते. धडक झालीच तर तिचं नाक मुद्दाम चुरगळतं, म्हणजे धक्का ते खातं आणि आतली माणसं वाचतात. कुणीतरी वर्षानुवर्षं पुतळे बसवून गाड्या भिंतींवर आपटल्या, तेव्हा हे जमलं. वाचताना मला फार बरं वाटलं होतं.

मग मी गाडीत बसले. प्रत्येक बकलात एकेक लोखंडी क्लिप खोचलेली, पट्ट्याविना. पट्टा लावला नाही की गाडी वाजते. ती वाजू नये म्हणून यवतच्या दुकानातून या क्लिपा आणलेल्या. गाडी समजते, माणूस बांधलेला आहे. पुढच्या सन व्हायजरवर मूल इथे बसवू नका असं सांगणारं पिवळं चित्र होतं, त्यावर देवीचा फोटो चिकटवलेला. आणि तुम्ही बाळाला गाडीत बसवायला आणलेली छोटी सीट घरात टीव्हीसमोर! तिच्यात बसवून त्याला नाचणीचं सत्त्व भरवतात.

गेल्या रविवारी बाळाला पहिल्यांदा कवठे येमाईला देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. बाळ पुतण्याचा नातू. मी म्हटलं, "ती सीट मागे लाव, त्यात बसव त्याला."

"काकी, पोरगं काय पार्सल हाय व्हय, बांधून न्यायला?" पुतण्या म्हणाला. "सात एअरबॅगा हायत गाडीला. आन् आईच्या मांडीवानी जागा हाय का कुठं?"

"ती एअरबॅग फुटली तर मांडीवरच्या बाळाचा जीव घेईल. मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

"ते गोऱ्यांच्या पोरांसाठी लिव्हलंय. आपली पोरं चिवट असत्यात."

सगळे हसले. बाळाची आई, म्हणजे पुतण्याची सून, हसली नाही. पहिला नातू पुढे बसवून, काच खाली करून, गावातून सगळ्यांना दाखवत न्यायचा असतो. म्हणून तिला बाळ घेऊन पुढे बसवलं. मी मागे बसले, क्लिप उपटली आणि माझा पट्टा लावला.

शिरूरच्या अलीकडे उसाची ट्रॉली पुढे चालली होती. पुतण्या चालवता चालवता फोनवर कारखान्याच्या निवडणुकीचं बोलत होता. ट्रॉली अचानक थांबली. त्याचा पाय हलायच्या आत गाडीनं ब्रेक लावला आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर ती उभी राहिली. साधा ओरखडा नाही. गाडीनं तिचं काम चोख केलं. बाळ मात्र आईच्या हातातून सुटून डॅशबोर्डवर आपटलं.

शिरूरच्या दवाखान्यात कपाळाला टाके पडले. बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "बघितलं का काकी? ही तुमची सिस्टीम. उगाच ब्रेक मारती. उद्याच शोरूमला नेऊन बंद करून टाकतो."

मी ओरडले. दवाखान्यात, भरल्या बाकांसमोर, या वयात ओरडले. म्हटलं, त्या यंत्रानं तुझं डोकं उसाच्या ट्रॉलीत जाण्यापासून वाचवलं आणि तू त्यालाच गुन्हेगार ठरवतोस? ज्यांनी ते बनवलं त्यांना तुझं नावसुद्धा माहीत नाही, तरी तू मरू नयेस म्हणून ते खपले. आणि तू घरच्या बाळासाठी एक पट्टा ओढू शकत नाहीस?

"काकी, हळू. लोक बघत्यात," तो म्हणाला.

"बघू देत."

तेव्हा ती सून उठली. सासऱ्यासमोर मान वर न करणारी मुलगी. बाळ खांद्याशी धरून म्हणाली, "मामा, सीट घेऊन या. त्याबिगर मी या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

"आगं, येमाईला जायचंय ना?"

"देवी कुठं पळून चाललीय का?"

तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच तिला पढवलं होतं. मग किल्ली घेऊन न्हावऱ्याला घरी गेला. सीट घेऊन परत आला, ती मागच्या बाकावर उलटी, बाळाचं तोंड मागे येईल अशी लावली. मी वाचून दाखवत राहिले, तो दात खात बसवत राहिला.

दर्शन राहिलं. घरी येताना बाळ त्या सीटमध्ये न्हावऱ्यापर्यंत किंचाळत होतं. "घे की गं मांडीवर," पुतण्या दोनदा म्हणाला. सून बाळाच्या शेजारी मागे बसली होती, एक हात त्याच्या पोटावर ठेवून.

"रडू द्या," ती म्हणाली.