उभा आहे त्याची पिशवी

टप, टप! बसच्या पत्र्यावर काकांच्या दोन थापा पडल्या आणि इकडे माझ्या हातातल्या पोरीचे डोळे वर गेले, पांढरे. दोन्ही एकदमच झालं. मी गल्लीच्या तोंडाशी, बस त्या टोकाला. पोरीचं अंग लाकडासारखं ताठ, जबडा घट्ट, तोंडाला फेस. मी ओरडले, "काकाऽऽ थांबा! थांबवा गाडी!" आणि धावले. चपला कुठे गेल्या माहीत नाही, बहारीनमधल्या माहूजचा तो उन्हातला रस्ता म्हणजे तवा नुसता. काका बसच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. देवाशप्पथ सांगते, बघितलं. मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं. आणि नेहमीचंच म्हणाले, "यल्ला, खलास!" म्हणजे चला, संपलं. दार लावून घेतलं, आणि बस गेली.

तरी मी लिहायला बसले ते ह्याच काकांबद्दल. नाव नाही लिहीत, त्यांना आवडायचं नाही. मी आठवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे एकातून दुसरं निघेल, पण तुम्ही समजून घ्याल, तुम्हीही असा माणूस कुठेतरी बघितलेला असणार.

काका आमच्या गुहागरकडचे. इथे बहारीनमध्ये शाळेची बस चालवायचे. उंच, सुकलेल्या सुरमईसारखे, खाकी शर्टाची वरची गुंडी पण लावलेली, भर उन्हाळ्यात. त्यांची बस कोणासाठी थांबायची नाही. पोरगं जिन्यात दिसतंय, आई वरून हात करतेय, तरी पत्र्यावर दोन थापा आणि गाडी चालू. शाळेतली पोरं त्यांना टपटप अंकल म्हणायची. एकदा एका आईने विचारलं, "दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "तुमचा एक खाली येईपर्यंत आत बसलेली सगळी घामाने भिजतात. ती कोणाची नाहीत काय?"

शुक्रवारी शाळा बंद. मग मालकाला विचारून ते रिकामी बस माहूजच्या मागच्या गल्लीत आणायचे, आणि सीटांवर पोरांच्या जागी पिशव्या बसलेल्या असायच्या! तांदूळ, डाळ, तेल, चहा, ज्यांच्याकडे तान्हं आहे त्यांना डब्याचं दूध. इथल्या आपल्या मराठी मंडळाची माणसं भरायची, काका वाटायचे. ज्यांची नोकरी गेली, ज्यांचा माणूस आजारी, अशांसाठी. नऊला दार उघडायचं. गेल्या वेळची रिकामी कापडी पिशवी परत आणायची, भरलेली घ्यायची. साडेनऊला दोन थापा. आणि एकदा चुकलात तर पुढचे दोन शुक्रवार मफी. मफी म्हणजे नाही, इथलं अरबी. काका ते असं म्हणायचे की जणू गुहागरचाच शब्द.

आम्ही कसे तिथे गेलो तर आमचे हे एसीचं काम करायचे, गच्चीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, पगार बंद. आमची पोर तनू तेव्हा वर्षाची पण नव्हती, आणि काळजीने माझं दूध आटलेलं. पिशव्या मोजक्याच, सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या नावाच्या. माझं नाव नव्हतंच. मी आपली नाव नसलेल्यांच्या मागच्या लाइनीत उभी राहिले, आशेवर. साडेनऊ झाले, एक बाई आली नव्हती. काकांनी तिची पिशवी उचलली आणि थेट माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "अहो, पण ती आली तर?"

"ती नाही आली. तू आलीस. उभा आहे त्याची पिशवी."

खरं सांगते, त्या दिवशी तो नियम मला देवाने केल्यासारखा वाटला! त्या न आलेल्या बाईचं काय झालं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढच्या शुक्रवारपासून माझ्या नावाची पिशवी सुरू झाली.

आणि मग तो दिवस. तनूला रात्रीपासून कणकण होती, मी ओल्या ओढणीत गुंडाळून निघाले, म्हटलं दूध घेऊन लगेच परत. उशीर झाला तो तिला पाणी पाजण्यात. पुढचं सांगितलंच. बस गेल्यावर मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, एका पठाणी टॅक्सीवाल्याने ब्रेक मारला, आधी शिवी घातली, मग पोर बघितली आणि म्हणाला, "बैठो बेटी, बैठो!" सलमानिया हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत तो मोठ्याने देवाचं नाव घेत होता आणि मी माझ्या देवाचं. तिथे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तापाचा झटका आहे, होतं लहान मुलांना. संध्याकाळी तनू माझं नाक ओढत होती. मी हसत होते का रडत होते, मला माहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी बसपाशी गेले. वाटलं, सांगितल्यावर काका काय म्हणणार! सगळं सांगितलं, एका दमात. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोर बरी आहे ना? बरं झालं. पण पिशवी दोन शुक्रवार मफी."

"अहो काका, हॉस्पिटलात होते मी!"

"सगळ्यांच्याच पोरांना शुक्रवारीच ताप येतो गो."

माझं डोकंच फिरलं. मी एवढी घाबरट, दुकानात सुट्टे पैसे मागताना आवाज फुटत नाही, आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलले. "तुम्हाला काय पोरं नाहीत म्हणून असं बोलता काय? तुम्ही बघितलंत मला! बघून दार लावलंत!" लाइनीतली एक हळूच म्हणाली, "पाया पड, पाया पड." मी म्हटलं, "मी का पडू?"

काका चिडले नाहीत. बसच्या पायरीवर बसले. म्हणाले, "दोन पोरं आहेत मला, गावाला. बापाला फोटोत बघून वाढलीत. आता ऐक. पहिल्यांदा मी सगळ्यांना थांबायचो. एक बाई दोन पोरं घेऊन इथे उन्हात उभी होती, मागच्या लाइनीत. मी म्हटलं, नाही, ही दुसरीची पिशवी, ती येतेय. ती दुसरी आलीच नाही. आणि ही रिकाम्या हाताने गेली. त्या दिवशी घास उतरला नाही मला. एकाचं खरं मानलं की दुसऱ्याचं पण मानावं लागतं. मी काय डॉक्टर आहे, की कोणाचा ताप खरा ते बघू?"

ह्याला तुम्हाला उत्तर सुचलं असतं का? पण तनूला तो आठवडा मी पातळ पेज आणि शेजारणीने दिलेलं थोडं दूध ह्यावर काढायला लावला, आणि प्रत्येक वाटीला काकांना शिव्या दिल्या.

दुसऱ्या शुक्रवारी मी काय केलं माहितीये? नऊच्या आधीच गेले आणि मागच्या लाइनीत पहिली उभी राहिले! तनू कडेवर. पिशव्या संपत आल्या, साडेनऊ झाले, एक पिशवी उरली. तिची मालकीण आली नव्हती. मी पुढे झाले आणि म्हटलं, "काका, उभा आहे त्याची पिशवी. मी उभी आहे."

सगळ्या बायका एकदम हसल्या. "आता बोला काका!" "काका अडकले गो!" काकांनी घड्याळ बघितलं, पिशवी बघितली, मला बघितलं. कान लाल झाले होते त्यांचे. म्हणाले, "दंडातला माणूस उभा असला तरी मी त्याला बसलेला धरतो."

"हे कधी ठरलं?"

"आत्ता."

टप, टप. यल्ला, खलास. बस निघाली, माझी पिशवी आत घेऊन! मी तिथेच. हसणाऱ्या बायका पण आता हसत नव्हत्या.

आणि मग बघा! गल्लीच्या टोकाला जाऊन बस थांबली. आणि पीं पीं पीं करत मागे यायला लागली. रिव्हर्स! काकांची बस रिव्हर्स! एवढ्या वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. बायका ओरडायला लागल्या, "येते, येते, सरका!" माझ्यासमोर खिडकी आली. काकांनी पिशवीतून दुधाचा डबा काढला आणि बाहेर धरला.

"पिशवी मफी. दंड म्हणजे दंड. हा डबा पोरीचा. तिची कुठे वेळ चुकली?"

मी डबा घेतला. तोंडातून निघून गेलं, "हे गेल्या शुक्रवारी नाही सुचलं?"

काका स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मग हळूच विचारलं, "त्या दिवशी हातात ही होती तुझ्या? ओढणीत?"

"हो."

"मला वाटलं, रिकामी पिशवी घेऊन धावतेयस."

आणि गाडी घेऊन गेले.

नियम त्यांनी बदलला नाही. दोन शुक्रवार म्हणजे दोन शुक्रवार. फक्त दूध दंडात धरायचं बंद झालं. आणि आणखी एक, ते आम्ही बायकांनीच टिपलं. थापा मारायच्या आधी काका आता खाली उतरायचे, खिशातून चष्मा काढायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जायचे, दोन्हीकडे बघायचे, आणि मग येऊन थापा मारायचे. कोणी चिडवलं, "कोणाची वाट बघताय काका?" तर म्हणायचे, "वाट कसली? गाडी चालवायची तर रस्ता बघायला नको?"

ह्यांचा पाय बरा झाला, काम लागलं. मी मंडळाला सांगून पिशवी बंद केली आणि शुक्रवारी काकांच्या मदतीला जायला लागले. काकांचं वय झालं होतं, ह्या वर्षी व्हिसा वाढला नाही. मंडळाने विचारलं, आता पिशव्या कोण वाटणार, तर काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला द्या. ही माझ्याशी भांडली होती."

त्यांचं विमान नेमकं शुक्रवारी. गेला शुक्रवार. बस तीच, चालवायला नवा माणूस, दारात मी. साडेनऊला फोन वाजला. काका, एअरपोर्टवरून.

"सगळ्या आल्या?"

"एक यायची आहे, काका. मागच्या लाइनीत एक नवी उभी आहे. आठपासून उभी आहे, बिचारी."

"मग कसली वाट बघतेस? मार थापा. फोन पत्र्याजवळ धर, मला ऐकू दे. माझा पहिल्यांदा शुक्रवार चुकला गो. मला पण दोन आठवडे मफी." हसले, पण हसणं नीट आलं नाही.

मी हात उचलला आणि नजर गल्लीच्या तोंडाकडे गेली. कोणीतरी धावत येत होतं. एक बाई, ऊन डोळ्यांवर, चेहरा दिसेना. हात वर करून काहीतरी ओरडत होती.

"काका, कोणीतरी धावत येतंय!"

मग काका म्हणाले, "हातात काय आहे तिच्या?"

मी डोळे बारीक करून बघितलं. कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, छातीशी. पोर होतं की रिकामी पिशवी, लांबून कळत नव्हतं.

"कळत नाही, काका!"

तिकडे मागे विमानाची अनाउन्समेंट सुरू झाली. काका म्हणाले, "जातो गो. माझं विमान पण थांबायचं नाही," आणि फोन कट झाला.

फोन मी कमरेला खोचला. माझ्या एका हातात शेवटची पिशवी. दुसरा हात पत्र्यावर मारायला वर उचललेला. समोर ती नवी बाई, घामाने थबथबलेली, वेळेवर आलेली, आपले दोन्ही हात पुढे करून उभी. आणि तिकडे ती धावतेय.

तुम्ही तिथे असता, तर काय केलं असतं?