तुम्ही व्हा पुढे

चालताना पुढे राहायची खोड मला लग्नापासूनची. बायको मागून येतेच आहे, हे गृहीत. उरण नाक्यावर मासळी घ्यायला गेलो की मी वीस पावलं पुढे, आणि वळून न बघताच विचारायचो, “येतेस ना?” मागून उत्तर यायचं, “येते. तुम्ही व्हा पुढे.” मी व्हायचो.

मग एक दिवस ती यायचीच बंद झाली. नवीन पनवेलला आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखून अर्ध्या जिन्यात कठडा धरून ती उभी राहायची. मी फर्मान काढलं, आता उतरायचं नाही, बसून राहायचं. पाणीसुद्धा हातात आणून द्यायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो. वर्षभरात तिला खुर्चीतून उठायलाही माझा हात लागायला लागला.

मासळीवाली मला विचारायची, “ताई नाय आली? तुमाला नाय कलत मासा.” खरंच नव्हता कळत. दोनदा शिळा हलवा घेऊन आलो. दुसऱ्यांदा बायको ताटावरच रडली. “हलवा गेला खड्ड्यात,” म्हणाली, “मला एकदा माझ्या पायांनी बाजारात जायचंय.”

सुकापूरला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, तिच्याकडे बायकोला घेऊन गेलो. तिनं मला विचारलं, “काका, किती चाललं की काकूंना दुखायला लागतं?” मला सांगता येईना. कधीपासून दुखतंय, तेही नाही. बायकोच म्हणाली, “सात-आठ वर्षं होत आली.” मी तिथेच खेकसलो, “मग सांगायला काय झालं होतं?” मला रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली.

त्या मुलीनं समजावलं, झिजलेला गुडघा भरून येत नाही, पण मांडीत ताकद आली की त्याच्यावरचा भार कमी होतो. बसवून ठेवल्यानं होती ती ताकदही गेली. मग रोज सकाळी सुरू झालं. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, धरून ठेवायचा, हळूच खाली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. पुढे घोट्याला वजन बांधायला सांगितलं, तर बायकोनं माझ्या जुन्या पँटचा पाय कापून पिशव्या शिवल्या आणि त्यात वाळू भरली. आधी अर्धा किलो, मग एक. मोजायचं काम माझं. ती मध्येच थांबली की मी चिडायचो. “मोजा नुसते,” म्हणायची, “बोलू नका.”

दुखणं पूर्ण गेलं नाही. पण चार महिन्यांनी ती कुठेही न थांबता तीन मजले उतरली.

उरण नाक्याला रिक्षातून उतरल्यावर मी मुद्दाम मागे राहिलो. ती पिशवी घेऊन सरळ निघाली. इतक्या वर्षांत तिला चालताना मी असं कधी बघितलंच नव्हतं. मासळीवालीच्या पाटीपाशी पोचून तिनं वळून विचारलं, “येताय ना?”

माझा एक गुडघा दोन महिने जिन्यात बोलत होता. घरात मी चकार शब्द काढला नव्हता.

“येतो,” मी म्हणालो. “तू हो पुढे.”

ती पुढे झाली नाही. तेवढं अंतर परत चालून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “कुठला?”